उठायला जड जाईल

आमच्या रूपेशला त्याच्या बापाच्या कबरेवर सिमेंट नको होतं. कारण काय, तर मेलेल्या माणसाला उठताना जड जाईल.

हे त्यानं मला जेवता जेवता सांगितलं. वरणात भात कालवत, अगदी गंभीर चेहऱ्यानं. पोरगा डिप्लोमा झालेला आहे, रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे. त्याच्या भरवशावर दुर्ग लाइनच्या गाड्या धावतात, हे आठवून मला त्या क्षणी घाम फुटला.

"आई, बाबाच्या कब्रवर स्लॅब टाकू नको."

"कावून?"

"प्रभू येऊन राहिला. दिन बहुत नजदीक है. बाबा उठतीन तवा छातीवर दोन-तीन क्विंटल सिमेंट राहीन, त कसं होईन?"

"तुया बापाले जित्तेपनी अलार्म लावून उठवा लागे," मी म्हटलं. "थे प्रभूचा कर्णा वाजल्याबरोबर उठले, त पयलं नवल मलेच वाटन."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू नरकात माझी जागा पक्की झाली आणि त्याला तिकीट फाडायचंच काय ते बाकी आहे.

मी तीस वर्षं भिलाईच्या कारखान्याच्या इस्पितळात आया होते. किती मेलेल्यांना मी शेवटची आंघोळ घातली, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास नाही असं कोणी समजू नये. आहे, चांगला आहे. पण जो मातीतून माणूस उठवणार, त्याला वरची फरशी सरकवता येणार नाही, असला विश्वास ठेवणं मला जमत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. माझे मालक मारोतराव दिवाळीच्या आधी गेले. ते कारखान्यात फिटर होते. आमच्या कबरस्तानाची अवस्था अशी, की शहर वाढलं आणि ते होतं तेवढंच राहिलं. कच्ची कबर काही वर्षांत खचते, गवत माजतं, कोणाची ते ओळखू येत नाही आणि मग तिथं दुसऱ्या कोणाला तरी निजवतात. कबरस्तानाच्या समितीनं मला सांगितलं होतं, की ईस्टरपर्यंत पक्कं काम करा. दोघांचं मिळून एकच काम केलंत, तर शेजारची जागा तुमच्यासाठी राहील. नाहीतर ती जो आधी मरेल त्याची.

मला ती शेजारची जागा हवी होती. आम्ही नवराबायको आयुष्यभर एका खाटेवर झोपलो, पण आळीपाळीनं. त्यांची पहिली पाळी असली की माझी रात्रीची. मी वॉर्डातून यायची तेव्हा ते डबा घेऊन निघालेले असायचे आणि उशी गरम असायची. सलग शेजारी पडून राहायला मिळेल, अशी एकच जागा आता उरली होती, आणि ती हा डिप्लोमावाला मातीत घालायला निघाला होता.

ही अक्कल त्याची स्वतःची नव्हती. स्मृती नगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर 'तयारी सभा' भरते. रूपेश आणि त्याची बायको ममता दोन-तीन वर्षांपासून तिथं जातात. आनंद भैया नावाचा माणूस ती चालवतो. त्याचं म्हणणं असं, की आमची कॅम्प-१ वस्तीतली जुनी मराठी मंडळी झोपलेली आहे आणि जागे तेवढे सगळे स्मृती नगरात राहतात.

तयारी म्हणजे काय, तर पांढरे कपडे. प्रत्येकानं एक जोड शिवायचा, इस्त्री करून कपाटात टांगायचा आणि वाट पाहायची. ममतानं तर कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या. म्हणजे प्रभू मेघांवरून आला, की माझी सून त्या वासासकट वर जाणार. मागच्या उन्हाळ्यात तिनं आंब्याचं लोणचं घातलं नाही. म्हणाली, मुरेपर्यंत आपण इथं कुठं राहतो? मग वर्षभर शेजारच्या गिरजाबाईकडून वाटीवाटीनं लोणचं मागून आणलं. गिरजाबाई हिंदू. तिला बिचारीला इथंच राहायचं होतं ना.

आणि आनंद भैया? प्रभू दारात उभा आहे, असं दर रविवारी ओरडून सांगणाऱ्या या माणसानं त्याच वर्षी घरावर मजला चढवला. मी एकदा सभेला गेले होते, तेव्हा जिन्यात बाथरूमच्या टाइल्सचे खोके रचलेले होते. चांगल्या, फुलांच्या डिझाइनच्या. मी त्याला विचारलं, या वर घेऊन जाणार का? तो हसला आणि म्हणाला, माताजी बहुत मजाक करती हैं. माताजी म्हटलेलं मला आवडत नाही. मी त्याची आई असते, तर त्याला कामाला लावलं असतं.

माझ्या नवऱ्यालाही त्यानं सोडलं नव्हतं. एकदा घरी येऊन, चहाची दुसरी कपबशी हातात घेऊन त्यानं विचारलं, "बाबूजी, प्रभू आज आला, तर तुमची तयारी आहे का?"

मारोतराव म्हणाले, "चालू हाय."

एवढंच. पुढं विचारलं तर बिस्किटाची प्लेट पुढं सरकवली.

मला तेव्हा रागच आला होता, कारण कसली तयारी नि कसलं काय. हा माणूस चर्चमध्ये कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, उपदेश सुरू झाला की मान टाकायचा आणि आशीर्वाद व्हायच्या आत बाहेर जाऊन स्कूटर पुसत उभा राहायचा. रिटायर झाल्यावर तरी बायबल हातात घेईल म्हटलं, तर रोज उठून हथखोजला. तिथं त्यांच्या जुन्या दोस्ताचं, दयारामचं, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डॉक्टरांनी छातीसाठी धूर बंद सांगितला, तरी हे वेल्डिंगच्या धुरात दिवसभर बसून यायचे. मी भांडायची. "लोखंडाले काय आत्मा हाय का? थोडं देवाचं पाहा आता," म्हणायची. ते हात धुवायचे नि ताटावर बसायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात तर एक दिवस मला म्हणाले, "खाटेवर सरळ पड जरा. डावा हात वर कर. कोठवर जाते पाहू."

माझा उजवा खांदा कामातून गेलेला आहे. पेशंट उचलून उचलून तो असा धरला, की हात छातीच्या वर जात नाही. मी पडले, डावा हात वर केला. त्यांनी खिशातून टेप काढून माप घेतलं आणि पाकिटावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, खाटेजवळ दिव्याचं बटण लावणार. अंधारात उठून दारापर्यंत चाचपडत जावं लागतं, हे मी त्यांना लग्नापासून सांगत होते. पण कसलं बटण नि कसलं काय. माप घेतलं नि विसरले. ते जाईपर्यंत मी त्या बटणासाठी त्यांचं डोकं खाल्लं.

तर अशा या माणसाच्या कबरेवरून आता त्याचा मुलगा मला शास्त्र शिकवत होता. मी त्याला सरळ आनंद भैयासमोर नेऊन उभं केलं. म्हटलं, बोल.

आनंद भैयानं डोळे मिटले, मान हलवली. "माताजी, प्रभूमध्ये जे मेले ते आधी उठतील. आपण त्यांच्यावर बोझ का ठेवायचा? आपण रस्ता मोकळा ठेवायचा."

"प्रभूच्या कबरीवर केवढा धोंडा होता?" मी विचारलं. "थे अडले का?"

"अब वो तो प्रभु थे, माताजी."

"मंग मेलेल्याले बोलवून राहिले थे कोन? थेच ना? का या टायमाले दुसऱ्या कोनाले पाठवून राहिले?"

मागं बसलेल्या दोन बायका हसल्या. आनंद भैयाला ते लागलं. त्यानं प्रार्थना सुरू केली, मोठ्यानं, डोळे घट्ट मिटून. माझ्यासाठीच, माझ्या कठीण हृदयासाठी. ती इतकी लांबली, की मी मधेच उठून खाली आले आणि टाइल्सच्या खोक्यावर बसून राहिले.

मी ऐकणार नाही, हे रूपेशला कळलं. म्हणून त्यानं माझ्यामागं उद्योग केला. मी ठरवलेला मिस्त्री वाळू-गिट्टी घेऊन कबरस्तानात गेला, तर हा आधीच तिथं उभा. घरातला कर्ता मुलगा नको म्हणतो म्हटल्यावर मिस्त्री सामान घेऊन परत गेला. मला हे दुपारी कळलं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. म्हणजे उचलायला गेले, पण उजवा होता, तो छातीशीच अडला.

"मी मेल्यावर मले कोठी टाकशीन?" मी ओरडले. "भिंतीच्या कोपऱ्यात, अनोळखी मानसाच्या बाजूले? तुया बापाच्या बाजूची जागा तू घालवून राहिला, हे समजते का तुले?"

"आई, तुले मराचीच गरज नाही पडन," रूपेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आपण जित्तेच वर जाऊ. तू समझती क्यों नहीं?"

त्याला ते खरंच वाटत होतं, हे मला दिसलं. लबाड असता तर मी त्याला सोलून काढला असता. पण भाबड्या माणसाशी भांडताना आपलेच हातपाय दुखतात. ममता दारामागं रडत होती. मी चप्पल घातली आणि घराबाहेर पडले.

निदान एक लोखंडी कठडा तरी करून घ्यावा, दोन्ही जागांना मिळून, असा विचार करून मी ऑटोनं हथखोजला गेले. कठडा म्हणजे वजन नाही, मग या विद्वानांचं काय म्हणणं असेल ते असो. दयारामच्या वर्कशॉपवर मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. सगळीकडे लोखंडाचा कीस, ग्राइंडरचा कर्कश आवाज, आणि ज्या मोडक्या स्टुलावर माझा नवरा बसत असणार, त्यावर एक मांजर झोपलेलं.

दयारामनं मला पाहिलं आणि ग्राइंडर बंद करायला लावला.

"या वैनी. मी दिवाळीपासून वाट पाहून राहिलो."

"कायची?"

"मारोतभाऊ म्हने, थे येईन. शिव्या देत येईन, पन येईन. आली का मंगच दाखव. आधी घरी पोचवशीन त थे तुलेबी झोडपन नि मलेबी."

त्यानं मला मागच्या शेडमध्ये नेलं. भिंतीला टेकवून काहीतरी मोठं ठेवलं होतं, ताडपत्रीखाली. ताडपत्री ओढली, तर खाली लोखंडी चौकट निघाली, खाटेएवढी लांब, तिच्याहून रुंद. तिला दोन झाकणं. खडबडीत ठशांची प्लेट, कारखान्यात पाय घसरू नये म्हणून जिन्यांना लावतात तशी. सगळ्याला लाल रंगाचा हात मारलेला. प्रत्येक झाकणावर पट्ट्यांचा क्रूस वेल्ड केलेला. एकावर मारोतरावांचं नाव, दुसऱ्यावर माझं. पंचफुला. अक्षरं वेल्डिंगच्या मण्यांची होती, थोडी वाकडी.

आणि दोन्ही झाकणांना बाहेरच्या कडेनं कब्जे होते. दाराला असतात तसे.

"हे काय कपाट हाय का, दयारामभाऊ?"

"मीबी हेच म्हन्लं. मारोतभाऊ म्हने, उघडाले नको का?" त्यानं मला पाहायला बोलावलं. चौकट आडवी करवली आणि एका बोटानं झाकण उचललं. कब्ज्यामागं वजन दिलेलं होतं, त्यामुळं ते अलगद वर आलं. "पोट्टंबी उघडन. कडी नाही ठेवली. अन् हे पाहा."

झाकणाच्या आतल्या बाजूला हँडल होतं. गोल सळईचं, हाताला बोचू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेलं.

मी तिथं पोट धरून हसले. इतके महिने मी ज्या गाढवपणावर तोंडसुख घेत होते, तो माझ्याच नवऱ्यानं वर्षभर आधी करून, रंगवून, वाळवून ठेवला होता. उठायला जड जाईल, हे त्यालाही वाटलं होतं. फरक एवढाच, की स्मृती नगरातल्यांनी त्यावर उपाय म्हणून काम थांबवलं आणि यानं कब्जे लावले.

"अन् मधातली माती?" मी डोळे पुसत विचारलं. "वरून पाच फूट माती राहीन, थे कोन काढन? का फावडंबी ठेवलं आतमध्ये?"

"थेही विचारलं मी," दयाराम म्हणाला. "त म्हने, माती म्हनजे सिव्हिलचं काम. थे प्रभू पाहून घेईन, त्याचं डिपार्टमेंट हाय. मेकॅनिकल आपल्याकडं हाय, त्यात खोट नको."

हसता हसता माझा आवाज फुटला. मांजर उठवून मी त्या मोडक्या स्टुलावर बसले. दयाराम पाणी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. समजूतदार माणूस आहे.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे सगळे जण कबरस्तानात जाऊन आपापल्या कबरींना चुना मारतात. त्या गर्दीतच दयारामनं टेम्पोतून ती चौकट आणली आणि चारही कडा काँक्रीटमध्ये पक्क्या केल्या. समितीतले म्हातारे गोळा झाले. सगळे कारखान्यातले जुने कामगार. मला भीती होती की नियम सांगतील. पण त्यांनी वाकून वेल्डिंग पाहिलं, प्लेटची जाडी विचारली, कब्जा हलवून बघितला आणि माना डोलावल्या. जागा पक्की झाली. ज्याचं वेल्डिंग चांगलं, त्याला भिलाईत कोणी नियम सांगत नाही.

रूपेशला मी काही बोलले नाही. ईस्टरच्या दिवशी सूर्य उगवताना कबरस्तानात उपासना असते, तेव्हा तो दिसणारच होता. दिसला. पांढरे कपडे घालून आला, ममता तशीच, आणि सोबत आनंद भैया, इस्त्रीची घडी न मोडता चालत. माझ्याजवळ येऊन त्यानं झाकणांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"माताजी, ये क्या किया? सीमेंट नको म्हटलं, तर तुम्ही लोहा टाकला? हे तर अजून भारी!"

"उचलून पाहा," मी म्हटलं.

"मी?"

"तुमीच. तुमची त तयारी हाय ना?"

लोक पाहत होते, म्हणून त्याला माघार घेता येईना. त्यानं बाह्या वर केल्या, मारोतरावांच्या झाकणाची कड दोन्ही हातांनी धरली आणि गोणी उचलतात तसा जोर लावला. झाकण पिसासारखं वर गेलं. आनंद भैया मागच्या मागं गेला आणि मुरमावर बसला. उठला तेव्हा पांढऱ्या पायजम्यावर मागं हा एवढा लाल शिक्का उमटलेला. समितीतले म्हातारे दुसरीकडे बघून खोकायला लागले. आनंद भैया म्हणाला, हे शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, टाइल्सचंबी नाही. मग तो पाळकसाहेबांना भेटायचं निमित्त करून तिथून गेला.

रूपेश मात्र गेला नाही. पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता तो मुरमात गुडघ्यावर बसला. बापाचं झाकण त्यानं हळूच लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आतल्या हँडलवरून हात फिरवला. "बाबानं बनवलं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मग त्यानं माझं झाकण उचलून आत पाहिलं.

"आई, बाबाचं हँडल उजव्या हाताले हाय. तुयं डाव्या हाताले कावून? काका, गलत लग गया क्या?"

"मीबी म्हन्लं होतं का चुकलं," माझ्या बाजूला उभा असलेला दयाराम म्हणाला. "त मारोतभाऊ म्हने, वैनीचं माप घेऊन आनलं हाय. हात लावू नको."

मला एकदम ती दुपार आठवली. खाटेवर सरळ पड. डावा हात वर कर. कोठवर जाते पाहू.

पुनरुत्थानाच्या दिवशी अंग नवं मिळतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. लंगडा चालेल, आंधळा पाहील, कोणाला काही दुखणार नाही. शेवटच्या बाकावर झोपेत का होईना, मारोतरावांच्याही कानावर ते पडलं असणार आणि त्यांना ते पटतही असणार. पण समजा, सगळं नवं झालं आणि बायकोचा खांदा तेवढा राहून गेला, तर ती आत अडकायला नको, एवढी एक गोष्ट त्यांनी प्रभूवरसुद्धा सोडली नव्हती.

रूपेश माझ्या पायांशी येऊन लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डावा. आणि मग मीही रडले, सगळ्या मंडळीसमोर, मोठ्यानं, आणि रडता रडता मारोतरावांना भरपूर शिव्या दिल्या, कारण खाटेजवळचं बटण त्या माणसानं शेवटपर्यंत लावलंच नव्हतं.